मरणाऱ्याने डबा धरायचा

६ फेब्रुवारी
घर, मागची खोली

चि. ठमीस,

नेहमीचे आशीर्वाद, शिवाय इतके दिवस पत्र राहिलं म्हणून वर एक जास्तीचा.

फोन असताना पत्र कशाला, असं तू म्हणशील. पण फोनवर तू विचारतेस, "ठीक आहेस ना?" मी म्हणते, "ठीक आहे." मग तू विचारतेस, "जेवलीस?" मी म्हणते, "जेवले." त्यानंतर दोघी गप्प बसतो आणि फोन कंपनीचं भलं करतो. कागदावर निदान फुकट गप्प बसता येतं.

मी खरंच ठीक आहे. झोप लागते, भूक लागते, पेन्शन वेळेवर जमा झाली. न्हाणीघरातला नळ गळत होता, तो प्लंबरकडून नीट करून घेतला. तो गेल्यावर लक्षात आलं की ती टपटप थांबल्यामुळे घर फारच शांत झालंय. तेवढं सोडलं तर सगळं जागच्या जागी आहे.

तू गेलीस त्या आठवड्यातच रविवारी बाबांची शोकसभा झाली. तुला रजा नव्हती असं मी सगळ्यांना सांगितलं. लोकांना पटलं. सांगता सांगता मलाही पटलं.

सभा आपल्याच थिएटरात ठेवली, दुसरीकडे भाडं पडलं असतं. फर्निचरच्या गोदामावरचा तोच लांबोडका हॉल, तोच अरुंद जिना, तोच पॉलिशचा वास. आमच्या नाट्यमंडळाचे अध्यक्ष, म्हणजे दातांचे डॉक्टर, आधी बोलले. म्हणाले, "या रंगमंचावर हा माणूस जितक्या वेळा मेला, तितक्या वेळा कोणी मेलं नसेल." मग आपण काय बोललो ते त्यांच्या ध्यानात आलं आणि त्यांनी पाणी मागितलं. लोक हसले. मीही हसले. हसायचं तिथे हसले, मान खाली घालायची तिथे घातली. इतकी वर्षं पडद्याआड उभी राहिलेय, एवढं जमतं.

आता मुद्द्याचं. सभेसाठी खुर्च्या मांडल्या त्या प्रकाशवाल्याने. तुला आठवत असेल, दिवसा लोकांच्या घरी वायरिंग करतो आणि संध्याकाळी आमचे चार दिवे सांभाळतो तो. खुर्च्या मांडून झाल्यावर त्याच्या हातांनी नेहमीचं पुढचं काम केलं. खाली रस्त्यावरच्या दाराबाहेर स्टूल ठेवलं आणि स्टुलावर डबा ठेवला. डोक्याला विचारलं असतं तर डोकं नको म्हणालं असतं, पण हातांनी विचारलंच नाही.

कोणाच्या लक्षातही आलं नाही. सभा संपली, लोक बाहेर पडले, समोर डबा दिसला आणि लोकांनी पैसे टाकले. मी दाराच्या आत, जिन्याच्या पायथ्याशी लोकांचे हात हातात घेत उभी होते. बाहेरून झाकणाची करकर ऐकू आली. नोट घडी करून फटीतून ढकलली की तसं झाकण करकरतं, नाण्याला करकरत नाही. प्रकाशवाला डबा उचलायला धावला, तर एका गृहस्थांनी त्याचाच हात धरून त्यात नोट कोंबली. बिचारा तसाच उभा राहिला, एका हातात डबा, दुसऱ्या हातात नोट, आणि डोळ्यांत पाणी.

पहिल्या रांगेतल्या त्या काठीवाल्या आजींनी मला दारात काहीतरी विचारलं, मी काहीतरी उत्तर दिलं. ते सांगण्यासारखं नाही.

डबा गच्च भरला होता. इतका तो कधीच भरला नव्हता. जन्मभर खोटं मरून जे जमलं नाही ते एकदाच खरं मरून जमलं, असं अध्यक्ष म्हणाले नाहीत, पण त्यांच्या ओठांवर आलं होतं.

मग कमिटी बसली. प्रश्न असा की हे पैसे कोणाचे? लोकांनी ते मंडळाला दिले, की घरच्यांना? टाकणाऱ्यांनी सांगितलं नाही आणि आता दारोदार जाऊन विचारता येत नाही. मी खजिनदार. पावती फाडायची तर कोणाच्या नावाने फाडू? आणि पैशांची गरज कोणाला आहे ते तुला वेगळं सांगायला नको. गोदामवाल्याचा करार महिनाअखेरीला संपतोय. या खेपेला त्याला वर्षाचं भाडं एकरकमी हवंय, नाहीतर वरचा मजला तो व्यायामशाळेला देणार. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही, हे आमच्याइतकं कोणाला माहीत असेल! मंडळाच्या खात्यात चहा-बिस्किटांपुरतं आहे. डब्यात मात्र वर्षाचं भाडं आहे, आणि वर थोडे उरतात.

अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, पैसे तुमचे. तुम्ही आणि लेक मिळून काय ते ठरवा." भला माणूस. पण बोलताना नजर छताकडे होती, जिथून गळतं तिथे.

म्हणून हे पत्र. घरच्या म्हणजे आपण दोघीच. पैसे घरी ठेवले तर थिएटर बंद होणार, थिएटरला दिले तर ते निदान वर्षभर चालणार. अर्धं मत तुझं आहे, ते कळव.

मला काय वाटतं ते विचारू नकोस. मला सध्या काही वाटत नाही. ही तक्रार नाही, फक्त माहिती.

डब्याची गोष्ट तुझ्यापासूनच सुरू झाली, पण ती तुला कितपत आठवते कोण जाणे. तू एवढीशी होतीस. बाबा बोटीचे कप्तान झाले होते आणि शेवटच्या अंकात तापाने मरत होते, कारण बुडून मरायचं तर समुद्र दाखवावा लागतो आणि त्याला पैसे नव्हते. ते मेले आणि तू माझ्या मांडीवर किंचाळायला लागलीस. पडदा पडला तरी थांबेनास. मी तुला उचलून दाराबाहेर आणलं. तेवढ्यात कप्तानसाहेब मागच्या बाजूने धावत आले, अर्धा रंग पुसलेला, हातात मलमाचा रिकामा डबा. "हा बघ बाबा! हा बघ, जिवंत!" तू त्यांच्या गालाला बोट लावून पाहिलंस. बोटाला रंग लागला, तेव्हा कुठे गप्प झालीस. बाहेर पडणारी माणसं थांबून बघत होती. कोणीतरी हसत हसत त्या डब्यात नाणं टाकलं, मग दुसऱ्याने टाकलं. तिकिटांतून न निघालेलं विजेचं बिल त्या दिवशी निघालं.

तेव्हापासून नियम पडला, जो नाटकात मरेल त्याने दारात डबा धरायचा. आत्ताच मेलेला माणूस समोर धडधाकट दिसला की लोकांचा हात सैल सुटतो. मंडळाचं सगळं अर्थशास्त्र एवढंच. त्यापायी विनोदी नाटकातसुद्धा शेवटी कोणीतरी मरू लागलं. एका वर्षी लेखकाने हट्टाने कोणालाच मारलं नाही, तर डबा रिकामा. पुढच्या प्रयोगापासून एक पोस्टमन विनाकारण मेला.

बहुतेक वेळा मरायचं काम बाबांकडेच यायचं आणि त्यांना ते आवरता यायचं नाही. लाल दिव्यात मरायचे, आणि तो दिवा वीज किती खातो हे मलाच ठाऊक. मी उजव्या पडद्याआडून हातवारे करायचे, "अहो, आवरा! लवकर मरा, मीटर पळतंय!" मग ते मुद्दाम आणखी एक उसासा टाकायचे आणि माझ्याकडे बघत मरायचे.

असो. भरकटले. पैशांचं कळव. घाई नाही, महिनाअखेरीपर्यंत वेळ आहे.

तुझी,
आई


१५ फेब्रुवारी

चि. ठमीस,

आशीर्वाद. तुझं कार्ड मिळालं. अक्षर सुधारलंय.

तीन वाक्यं आहेत. "पैसे तू ठेव. त्या जागेला एक नाणंसुद्धा देऊ नकोस. त्या जागेने माझ्या बाबांना नीट मरूही दिलं नाही."

वाचत होते तेवढ्यात दूध उतू गेलं. गॅस बंद केला, ओटा पुसला, फडकं धुऊन वाळत घातलं आणि परत येऊन वाचलं. तिसरं वाक्य मी मोठ्याने वाचून पाहिलं. अशा वाक्याने माणसाच्या आत काहीतरी व्हायला हवं. झालं नाही. राग नाही, वाईट नाही. सर्दीत वास येत नाही ना, तसं झालंय मला.

तुझं मत मी अध्यक्षांना कळवलं. त्यांनी मान हलवली, दात वाचणार नाही असं पेशंटला सांगताना हलवतात तशी. वाद घातला नाही. उलट म्हणाले, "तिचं बरोबर आहे, वहिनी. आम्ही त्या माणसाला फार वापरला." मी म्हटलं, तो काही दिवा होता का, वापरायला? पण म्हटलं आपलं मनात.

तर मंडळ बंद होणार. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? महिन्याच्या शेवटच्या रविवारी दुपारी निरोपाचा प्रयोग ठेवलाय, बाबांचं ते म्हाताऱ्या घड्याळजीचं नाटक. बाबांचं काम चष्मेवाला करतोय. चष्म्याच्या दुकानात लोकांच्या कानांवर काड्या नीट बसवतो तो, तू पाहिलायस. मेहनती आहे. मरतोही बरा, फक्त मरायच्या आधी खाली बघून जागा साफ आहे का ते पाहतो. बाबा असते तर पोट धरून हसले असते. तालमीला मी जाते, चहाचे पैसे देते, बिलं जमा करते. खुर्च्यांना गिऱ्हाईक आलंय. पडदा कोणी घेत नाही, त्याला फार भोकं आहेत.

तू त्या फोनबद्दल काही लिहिलं नाहीस. मीच लिहिते, कारण ते तिसरं वाक्य कुठून आलं ते मला कळतं.

दवाखान्यातून बाबांनी तुला फोन लावला आणि घड्याळजीच्या आवाजात सुरू केलं, "पोरी... काटा थांबतोय गं..." तू म्हणालीस, "बाबा, पुरे झालं नाटक. मी मीटिंगमध्ये आहे." मी शेजारीच बसले होते, मला सगळं ऐकू आलं. फोन ठेवल्यावर ते काय म्हणाले ते तुला कोणी सांगितलं नाही. म्हणाले, "बघ, लगेच ओळखलं!" रागावले नव्हते, ठमे. खूश होते. लहानपणी गालाला बोट लावल्याशिवाय जिला पटायचं नाही, तिला आता नुसत्या आवाजावरून कळतं, याचं त्यांना कौतुक वाटलं. डॉक्टरांनीही दोन दिवसांत घरी सोडतो म्हणून सांगितलं होतं. कोणालाच माहीत नव्हतं. तू निघालीस तोवर उशीर झाला होता, पण तुझी चूक असती तर मी ती तुला दाखवलीच असती. चूक दिसली की मला गप्प बसवत नाही, हे तुझ्याइतकं कोण जाणतं?

दवाखान्याच्या बिलातही ती मी दाखवलीच. ऑक्सिजन दोनदा लावला होता. तू माझ्या शेजारी उभी होतीस, म्हणालीस, "आई, आत्ता?" खिडकीतल्या मुलीने आकडा खोडून दुरुस्त केला आणि सॉरी म्हणाली. मी तिला म्हटलं, होतं असं कधीकधी. बिल घडी करून पर्समध्ये ठेवलं. तू माझ्याकडे बघत होतीस आणि तू काय बघतेयस ते मला कळत होतं. पण त्या वेळी मला बेरीज येत होती, ठमे. दुसरं काही येत नव्हतं.

अजूनही तसंच आहे.

पैसे कपाटात आहेत. प्रयोग दुपारचा आहे, हे नुसतं कळवून ठेवते.

तुझी,
आई


२७ फेब्रुवारी
घर, स्वयंपाकघर

चि. ठमीस,

आज आशीर्वाद शेवटी देईन. आधी सांगायचंय ते सांगते, नाहीतर नळाबद्दल लिहीत बसेन.

काल प्रयोग झाला. हॉल खच्चून भरला होता. बंद पडणार म्हटलं की सगळ्यांना प्रेमाचं भरतं येतं. यांच्यातले निम्मे वर्षभर आले असते तर बंद कशाला पडलं असतं? लोक पायऱ्यांवर बसले. गोदामवालासुद्धा आला, आणि त्याने तिकीट काढलं, हे मी मुद्दाम लिहिते.

मी माझ्या जागी होते, उजव्या पडद्याआड, मीटरखाली. शेवटच्या अंकात लाल दिवा लागला आणि चष्मेवाला मरायला लागला. घाबरला होता पोरगा. भराभर वाक्यं संपवली, खुर्चीत मान टाकायला निघाला. आणि माझे हात आपोआप वर गेले. आवरा म्हणून नाही, ठमे. मी त्याला थांब म्हणत होते. दोन्ही हातांनी खुणावत होते, थांब, घाई करू नकोस, अजून वेळ आहे, आणखी एक उसासा टाक. त्याने एक डोळा किलकिला करून माझ्याकडे बघितलं, त्याला काहीच समजलं नाही, आणि तो मेला.

पडदा पडल्यावर तो माझ्याकडे आला. रंग गळ्यापर्यंत ओघळला होता. म्हणाला, "काकू, डबा... मी धरू? की आज नको?"

मी म्हटलं, "नियम काय तुझ्यासाठी बदलायचा? मरणाऱ्याने डबा धरायचा. जा, लोक निघतील."

तो गेला. मी मागच्या बाजूने खाली उतरून रस्त्यावर आले आणि समोरच्या फुटपाथवरून दाराकडे बघत राहिले. लख्ख ऊन होतं. लोक एकेक करून बाहेर येत होते, डब्यात टाकत होते, त्या पोराच्या पाठीवर थाप मारत होते. काठीवाल्या आजींनी त्याचा गाल कुरवाळला आणि हाताला लागलेला रंग रुमालाला पुसला. सगळे पांगले. चष्मेवाला डबा घेऊन वर गेला. मी तिथेच उभी. मग दारातच जाऊन उभी राहिले, जिन्याच्या पहिल्या पायरीपाशी, वर बघत.

प्रकाशवाला किल्ल्या घेऊन खाली आला. म्हणाला, "वहिनी, कुलूप लावायचंय. कोणाची वाट बघताय?"

मी म्हटलं, "यांची."

म्हटलं आणि मग माझं मलाच ते ऐकू आलं.

शोकसभेच्या दिवशी त्या आजींनी काय विचारलं ते तुला सांगितलं नव्हतं. डब्याजवळ कोणीच नाही हे बघून, म्हातारपणात थोडं गोंधळून, त्या म्हणाल्या, "ते नाही आले अजून दारात?" आणि मी म्हटलं होतं, "येतीलच, रंग पुसतायत." त्यांना बरं वाटावं म्हणून नाही म्हटलं. मला तसंच वाटत होतं. इतक्या वेळा मी त्यांना मरताना पाहिलं, आणि दर वेळी खाली उतरून दारात आलं की ते उभे असायचे. मला तेवढंच माहीत होतं. मेले की दारात जायचं. दवाखान्यातून निघतानाही मी दारात थांबून मागे वळून बघितलं होतं. तुला वाटलं, मी तुला शोधतेय.

जिन्यात बसले आणि रडले. चांगलं रडले, आवाज करून. इतके दिवस जे काही झालं नव्हतं ते सगळं तिथे झालं. प्रकाशवाल्याला काय करावं सुचेना. त्याने जिन्यातला दिवा बंद केला, म्हणजे मी कोणाला दिसू नये. दुपारच्या उन्हात त्याने काय फरक पडणार? पण केलं त्याने. मग माझ्या वरच्या पायरीवर बसला आणि तोही रडला. डबा त्याने ठेवला होता ना, त्याच्या मनाला ते लागून राहिलं होतं. मी म्हटलं, "तू ठेवलास ते बरं केलंस." खरंच बरं केलं.

आता राहिलं एक. ते दोन पत्रांत लिहायचं टाळलं, कारण तुला राग येईल असं वाटलं.

त्या सकाळी नर्सची पाळी बदलत होती. बाबांच्या उशाशी ते यंत्र होतं, हिरवी रेघ आणि खाली बदलणारे आकडे. त्यांनी त्याच्याकडे बघितलं आणि मला म्हणाले, "खजिनदार, मीटर पळतंय का गं?"

मी म्हटलं, "पळू द्या."

ते म्हणाले, "आवरू?"

मी म्हटलं, "नका आवरू. बिल मी भरते. तुम्ही घ्या हवा तेवढा वेळ."

ते हसले. डोळे मिटून हसले, आणि मग त्यांनी आवरलं. जन्मभर आवरा म्हटलं की लांबवायचे. त्या दिवशी नका आवरू म्हटलं, तर लगेच आवरलं. मी सांगितलेलं एकदाही ऐकलं नाही त्या माणसाने.

तू म्हणशील, शेवटपर्यंत नाटकच. हो, शेवटपर्यंत. पण त्या जागेने नीट मरू दिलं नाही असं लिहू नकोस. ती जागा नसती तर त्या सकाळी आम्ही दोघं काय बोललो असतो ते मला ठाऊक नाही. कदाचित काहीच नाही.

पैशांचं असं केलं. मी तुझं निम्मं ऐकलं. डब्यातले अर्धे माझे, ते मी आज सकाळी मंडळाला दिले. माझ्याच नावाची पावती मीच फाडली आणि खाली मीच सही केली. अध्यक्ष ती हातात धरून कितीतरी वेळ बघत होते, आणि या वेळी छताकडे नाही बघितलं. गोदामवाल्याला वर्षाचं भाडं हवं होतं, पण अर्ध्यावर सहा महिन्यांना तयार झाला. शोकसभेत डब्यात त्यानेही नोट टाकली होती, म्हणजे भाड्यातला थोडा हिस्सा त्याने स्वतःच भरलाय. हे मी त्याला सांगितलं नाही. व्यायामशाळेचं म्हणशील तर लोकांनी सहा महिने घरी जोर काढावेत. खुर्च्यांचं गिऱ्हाईक परत पाठवलं. पडद्याची भोकं मी शिवायला घेतली आहेत, स्वयंपाकघरभर तोच पसरलाय.

तुझे अर्धे तुझेच आहेत. मंडळाला दे म्हणणार नाही. तुझा राग तुझा आहे, तो माझ्या सहीने मिटायचा नाही. पण ते बँकेतूनही पाठवणार नाही. ते मी परत जुन्या डब्यात ठेवलेत आणि झाकणाला सुतळी बांधलीय. मरणाऱ्यासाठी चष्मेवाल्याने बिस्किटांचा नवा डबा आणलाय. पुढच्या महिन्यात, शेवटच्या रविवारी दुपारी पुन्हा प्रयोग आहे. दाराच्या एका बाजूला तो उभा असेल आणि दुसऱ्या बाजूला जुना डबा घेऊन मी. तुझे पैसे तिथे येऊन घेऊन जा. आत येऊ नकोस हवं तर. नाटकही बघू नकोस.

लहानपणी तुला दारात नेऊन दाखवलं होतं, हा बघ, जिवंत. मला तसं दाखवणारं आता कोणी नाही, ठमे. लोक बाहेर पडत असताना कोणीतरी उलटं गर्दीतून दाराकडे यावं आणि माझ्या गालाला बोट लावून बघावं, एवढंच वाटतं. रंग लागणार नाही.

आशीर्वाद राहिले होते. सगळे घे, हातचे काही राखले नाहीत.

घाई नाही, असं मागे लिहिलं होतं. आजही तेच लिहायला घेतलं होतं, ते खोडलं. ये.

मीटर पळतंय.

तुझी,
आई